द्विधाव एंजिनातील द्वारसंस्करण

द्विधाव एंजिनाच्या सिलिंडरात वायूंच्या ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या द्वारांची उंची, रुंदी व आकार आणि त्यांच्यामागील मार्गांचे वळण बदलून एंजिनाची शक्ती वाढविण्याच्या क्रियेस द्वारसंस्करण म्हणतात. गॅरेजात ही क्रिया ‘पोर्टिंग’ किंवा नुसतीच ‘सिलिंडर घासणे’ या नावाने ओळखली जाते. मातीच्या वाटेवर, चढउतार व उड्या यांतून होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींसाठी ती मुख्यत्वे केली जाते. जलद फेऱ्यांत मिळणारी वाढीव शक्ती बहुधा संथ फेऱ्यांतील जोर खर्ची घालून मिळते आणि एकदा कापलेला धातू परत बसविता येत नाही. या दोन कारणांमुळे या कामात हाताच्या कौशल्याइतकेच मापनालाही महत्त्व आहे.

चतुर्धाव एंजिनात मिश्रण आत घेणे व जळालेले वायू बाहेर सोडणे ही कामे स्वतंत्र झडपा करतात [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. साध्या द्विधाव एंजिनात अशा झडपा नसतात. सिलिंडराच्या भिंतीतच खिडक्यांसारखी द्वारे असतात आणि वर-खाली होणारा दट्ट्या ती झाकतो व उघडतो. दट्ट्या वर जाताना त्याच्या खालच्या बंद भुजापेटीत, म्हणजे भुजादंड ज्या पेटीत फिरतो तिच्यात, कमी दाब निर्माण होऊन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडून दट्ट्या खाली येऊ लागला की, प्रथम निष्कास द्वार उघडते व जळालेले वायू स्वतःच्या दाबाने बाहेर पडतात. दट्ट्या आणखी थोडा खाली गेल्यावर स्थानांतर द्वारे उघडतात आणि भुजापेटीत दाबले गेलेले ताजे मिश्रण त्यांतून सिलिंडरात शिरून उरलेले जळके वायू पुढे लोटते. या क्रियेला संमार्जन म्हणतात. भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट होत असल्याने त्याच आकारमानाच्या चतुर्धाव एंजिनापेक्षा या एंजिनापासून जास्त शक्ती मिळू शकते. तथापि प्रवेश व निष्कास यांची द्वारे काही काळ एकाच वेळी उघडी असल्याने ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर जातो. द्विधाव एंजिनाचे सर्व गुणदोष या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

इतिहास : द्विधाव तत्त्वावर चालणारे एंजिन डूगल्ड क्लार्क यांनी १८७८ च्या सुमारास बनविले. त्याला मिश्रण भरण्यासाठी वेगळा पंप लागे. भुजापेटीचाच पंप म्हणून उपयोग करण्याची कल्पना जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास अंमलात आणली आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक कॉक यांनी प्रवेश द्वारही दट्ट्याकडूनच झाकले जाईल अशी सुधारणा केली. प्रारंभीच्या एंजिनांत ताजे मिश्रण थेट निष्कास द्वारात जाऊ नये म्हणून दट्ट्याच्या डोक्यावर उंचवटा ठेवीत. हा उंचवटा तापून दट्ट्या जड व वेडावाकडा होई. आडोल्फ श्नूर्ल या जर्मन अभियंत्यांनी १९२०–३० या दशकात दोन बाजूंची स्थानांतर द्वारे निष्कास द्वाराच्या विरुद्ध भिंतीकडे तिरपी वळवून हा उंचवटा अनावश्यक ठरविला. मिश्रणाचे दोन झोत मागच्या भिंतीजवळ एकत्र येतात, वर चढतात आणि वळसा घेऊन जळके वायू बाहेर ढकलतात. त्यानंतरची बहुतेक सर्व दुचाकी एंजिने याच रचनेची आहेत.

शर्यतीच्या एंजिनांत खरी क्रांती पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ येथील एमझेड कारखान्यात झाली. तेथील अभियंते वाल्टर काडेन यांनी द्वारांची वेळ व प्रसरण कोठीयुक्त निष्कास नळी यांचा एकत्रित विचार करून १९६१ साली १२५ घ. सेंमी. एंजिनापासून सु. २५ अश्वशक्ती मिळविली, म्हणजे दर लिटरमागे २०० अश्वशक्ती. त्याच वर्षी या कारखान्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटून जपानच्या सुझुकी कंपनीस मिळाला व त्याच्याबरोबर हे ज्ञानही गेले. १९६२ चे ५० घ. सेंमी. गटाचे जागतिक विजेतेपद सुझुकीला मिळाले. पुढील तीन दशके शर्यतींवर जपानी द्विधाव एंजिनांचे वर्चस्व राहिले. हाताने चालणाऱ्या या विद्येला गणिताचा भक्कम पाया देण्याचे काम बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील गॉर्डन ब्लेअर यांनी केले. नळ्यांतील दाबलहरींचे संगणकीय गणित त्यांनी विकसित केले.

वेळेचे गणित : द्वार किती काळ उघडे राहते ते भुजादंडाच्या अंशांत मोजतात. दट्ट्याची धाव ५० मिमी. व संयोगदांड्याची लांबी १०० मिमी. असलेले एंजिन उदाहरणादाखल घेतल्यास, दट्ट्या सर्वांत वरच्या स्थितीपासून सु. ३०.३ मिमी. खाली आल्यावर निष्कास द्वार उघडत असेल, तर ते भुजादंडाच्या १७०° फेऱ्यात उघडे राहते. द्वाराची वरची कड २.१५ मिमी. उंच केली की, हा कोन १८०° होतो. म्हणजे १ मिमी. धातू कापल्यास सु. ४.६° ची वाढ होते. कानशीचे दोन फटके जास्त बसले की, एंजिनाचा स्वभाव बदलतो, असे जे म्हटले जाते त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

अंश हे केवळ माप होय. वायूला प्रत्यक्षात लागतो तो वेळ. दर मिनिटास ३,००० फेऱ्यांना १७०° चा काळ सु. ९.४ मिलिसेकंद असतो. ७,५०० फेऱ्यांना तो ३.८ व ९,००० फेऱ्यांना अवघा ३.१ मिलिसेकंद उरतो. तेवढ्यात सिलिंडर रिकामा झाला पाहिजे. ९,००० फेऱ्यांना पूर्वीइतकाच ३.८ मिलिसेकंदाचा वेळ द्यावयाचा तर द्वार २०४° उघडे ठेवावे लागेल, आणि तसे केल्यास दट्ट्यावर दाब देण्यासाठी धावेचा फार थोडा भाग शिल्लक राहील. म्हणून कुशल कारागीर केवळ उंची वाढवीत नाही, तर रुंदीही वाढवितो. द्वाराचे क्षेत्रफळ व ते उघडे असण्याचा काळ यांचा एकत्रित हिशेब करण्याची पद्धत अमेरिकन लेखक गॉर्डन जेनिंग्ज यांच्या १९७३ मधील पुस्तिकेमुळे जगभरच्या गॅरेजांत पोहोचली.

उंची वाढविण्याची किंमत लगेच द्यावी लागते. वर चढणाऱ्या दट्ट्याने निष्कास द्वार बंद केल्यावरच खरे संपीडन सुरू होते. वरील उदाहरणात सिलिंडराचा व्यास ५० मिमी. व द्वार बंद झाल्यापासूनचे संपीडन गुणोत्तर ७ धरल्यास, द्वार २.१५ मिमी. उंचावल्यानंतर ते सु. ६.६ वर येते. संथ फेऱ्यांत एंजिन मलूल वाटू लागते ते मुख्यतः यामुळे. हे नुकसान भरून काढण्यासाठी सिलिंडराचे डोके घासून ज्वलनकोठी लहान करतात. ते प्रमाणाबाहेर झाले की, मिश्रण अवेळी भडकून ठोके बसू लागतात व दट्ट्याच्या डोक्यास भोक पडते.

निष्कास द्वार उघडल्यापासून स्थानांतर द्वारे उघडेपर्यंतचा काळ विशेष नाजूक असतो. या अवधीत सिलिंडरातील दाब भुजापेटीतील दाबाइतका खाली यावा लागतो. तो न आल्यास जळके वायू उलटे स्थानांतर मार्गात शिरतात व येणारे मिश्रण तापवून दूषित करतात. निष्कास १७०° व स्थानांतर १२०° असलेल्या एंजिनात हा अवधी २५° असतो. स्थानांतर द्वारे मोठी केली म्हणजे जास्त मिश्रण येईल, या समजुतीने ती उंचावणारे नवशिके हाच अवधी कमी करून ठेवतात व शक्ती का घटली, याचा उलगडा त्यांना होत नाही.

द्वारांचे आकार : निष्कास द्वाराच्या रुंदीला दट्ट्याच्या कड्यांनी मर्यादा घातलेली असते. कडी ही ताणलेली कमान असून उघड्या द्वारावरून जाताना ती बाहेर फुगते. द्वार फार रुंद किंवा वरची कड सरळ आडवी असेल, तर कडी तीत अडकून तुटते आणि तिचे तुकडे सिलिंडर खरवडून टाकतात. सामान्यतः द्वाराची सरळ रेषेतील रुंदी व्यासाच्या ६२ टक्क्यांच्या आसपास ठेवणे सुरक्षित समजतात. म्हणजे ५० मिमी. व्यासास सु. ३१ मिमी. केवळ शर्यतीसाठी असलेल्या व कड्या वारंवार बदलल्या जाणाऱ्या एंजिनात हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत नेतात. वरची व खालची कड कमानदार ठेवून कोपरे गोलसर करतात व काम संपल्यावर सर्व कडांची धार बारीक सहाणेने मारतात. ही शेवटची क्रिया दिसत नाही म्हणून ती टाळली जाते आणि कित्येक एंजिने तेवढ्यामुळेच निकामी होतात. कडीची दोन टोके दट्ट्यातील छोट्या खिळीने एका जागी रोखलेली असतात. द्वार रुंद करताना ही टोके त्यावरून जाणार नाहीत, हे आधीच पाहावे लागते. काही सिलिंडरांत द्वाराच्या मध्ये उभा दांडा ठेवलेला असतो. तो दोन्ही बाजूंनी तापत असल्याने इतर भिंतीपेक्षा जास्त फुगतो. त्यामुळे त्याचा पृष्ठभाग किंचित घासून मागे घेतात व त्यावर येणाऱ्या दट्ट्याच्या भागाला तेल मिळावे म्हणून दट्ट्यात बारीक छिद्रे पाडतात.

स्थानांतर द्वारांच्या बाबतीत आकारापेक्षा दिशा महत्त्वाची असते. डावा व उजवा झोत समान जोराचे असून अचूक मध्यावर भेटले पाहिजेत. एक द्वार दुसऱ्याच्या अर्धा मिलिमीटर आधी उघडले, तरी पहिला झोत समोरच्या भिंतीवर आपटून निष्कास द्वाराकडे वळतो. येथे कारखान्यातील ओतकामाचा संबंध येतो. सिलिंडराच्या भिंतीतील वाकडे मार्ग ओतताना वाळूचे गाभे साच्यात बसवितात. धातू ओतताना गाभा किंचित सरकला की, दोन बाजूंचे मार्ग वेगळे होतात. मोठ्या प्रमाणावर ओतलेल्या सिलिंडरांत असा थोडाफार फरक असतोच. यास्तव जाणकार कारागीर धातू कापण्यापूर्वी दोन्ही बाजू मोजून त्या सारख्या करतो, तसेच भुजापेटी व सिलिंडर यांच्या सांध्यावर मार्गांच्या कडा जुळवून पायऱ्या काढून टाकतो. यात वेळेचे कोन बदलत नाहीत, संथ फेऱ्यांतील जोर जात नाही आणि धोकाही थोडा असतो. दैनंदिन वापराच्या वाहनावर करण्याजोगे द्वारसंस्करण एवढेच, असे म्हणण्यास हरकत नाही. मार्ग आरशासारखे चकचकीत करण्याची हौस मात्र निरर्थक आहे. तिचा फायदा झालाच तर निष्कास मार्गात काजळी कमी साठण्यापुरता होतो.

प्रवेशाच्या बाजूस रचना वेगवेगळ्या असतात. जुन्या एंजिनांत दट्ट्याची खालची कड प्रवेश द्वार उघडते. वेस्पाच्या वंशातील बहुतेक स्कूटरींत भुजादंडाची चकतीच हे काम करते. भारतात १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये लवचिक पात्यांची एकदिश झडप आहे. पात्याची झडप भुजापेटीतील दाबानुसार आपोआप उघडत-मिटत असल्याने मिश्रण उलटे परतत नाही. निष्कास द्वार उंचावूनही संथ फेऱ्यांत तग धरण्याची क्षमता अशा एंजिनात अधिक असते.

निष्कास नळी : द्वार उघडताच दाबाची लहर नळीतून धावते. फुगत जाणाऱ्या शंकूतून जाताना ती मागे कमी दाबाची लहर पाठविते व सिलिंडर रिकामा करण्यास मदत करते. पुढे निमुळत्या शंकूवरून परतलेली दाबलहर बाहेर आलेले ताजे मिश्रण द्वार बंद होण्याच्या क्षणी पुन्हा आत ढकलते. ही लहर वेळेवर परतावी यासाठी नळीची लांबी ठरविलेली असते. तप्त वायूत लहरीचा वेग सेकंदास सु. ५१० मी. धरल्यास, १७०° च्या द्वारासाठी ७,५०० फेऱ्यांना दट्ट्याच्या कडेपासून सु. ९६ सेंमी. लांबी येते. १८०° द्वार व ९,००० फेरे यांसाठी ती ८५ सेंमी. होते. द्वार बदलून मूळ नळी तशीच ठेवणे, किंवा नुसती मोठा आवाज करणारी नळी बसविणे, म्हणजे पैसे देऊन शक्ती घालविणे होय. एका विशिष्ट वेगालाच नळीची साथ मिळत असल्याने शर्यतीची एंजिने आधी रेंगाळतात व एकाएकी उसळी घेतात. ही अडचण दूर करण्यासाठी निष्कास द्वाराची उंची चालत्या एंजिनात कमीजास्त करणारी झडप जपानी कंपन्यांनी १९७०–८० या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आणली.

पश्चिम महाराष्ट्र : सातारा व सांगली या जिल्ह्यांत ओतकाम व एंजिने यांची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी (आता सांगली जिल्हा) वसवून लोखंडी नांगर व पुढे पंप यांचे उत्पादन केले. धनजीशा कूपर यांच्या सातारा रोड येथील कारखान्यात नांगरांबरोबर तेल एंजिनेही तयार झाली. विहिरीवरील ही एंजिने दीर्घकाळ एकाच संथ गतीने चालणारी असत. त्यांचे सिलिंडर पुन्हा कातणे, अस्तरे बदलणे, कड्या बसविणे ही कामे करणारी यंत्रशाळा तालुक्याच्या गावोगावी उभी राहिली. द्विधाव दुचाकींचा प्रसार झाला, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीला लागणारी यंत्रे व हात तेथे आधीच तयार होते. मात्र संथ एंजिनावर तयार झालेली सवय द्विधाव एंजिनाला नेहमीच मानवत नाही. तेल एंजिनात सिलिंडर नीट कातला की काम संपते. द्विधाव सिलिंडर कातल्यावर द्वारांच्या कडा पुन्हा धारदार होतात आणि त्या मारल्या नाहीत, तर नव्या कड्या थोड्याच दिवसांत जातात.

द्विधाव दुचाकीचे उत्पादन खुद्द साताऱ्यातही झाले. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ साली स्थापिलेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या तेथील कारखान्यात ‘प्रिया’ ही स्कूटर तयार होई. तिचे एंजिन संथ, सोशिक व पंख्याच्या हवेने थंड होणारे होते. त्याच काळातील चेतक स्कूटरच्या १४५ घ. सेंमी. एंजिनाची शक्ती सु. ७.५ अश्वशक्ती होती, म्हणजे लिटरमागे सु. ५२. आरएक्स १०० च्या ९८ घ. सेंमी. एंजिनापासून ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे सु. ११२ मिळत. वर उल्लेखिलेल्या एमझेडचा आकडा २०० होता. तिन्ही एंजिने एकाच तत्त्वावर चालतात. त्यांच्यातील अंतर मुख्यतः द्वारे, नळी व फेऱ्यांची मर्यादा यांनी पाडलेले आहे.

यावरून प्रियाचे एंजिन मागासलेले होते असे समजणे चुकीचे ठरेल. वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणीचा घाट दोन माणसे व सामान घेऊन चढताना एंजिन फार जलद फिरू शकत नाही. तेथे संथ फेऱ्यांतील जोरच उपयोगी पडतो आणि बुटके निष्कास द्वार तो देते. ९,००० फेऱ्यांसाठी घासलेला सिलिंडर याच घाटात पहिल्या वळणानंतर दम टाकतो. चालकाला खालचा दाता टाकून एंजिन किंचाळत ठेवावे लागते, पेट्रोल अधिक जाते व डोके तापते. उत्पादकही बाजारपेठेनुसार शक्ती कमी करतात. यामाहाच्या आरडी ३५० या गाडीच्या जपानी एंजिनाची शक्ती सु. ३९ अश्वशक्ती होती. १९८३ पासून भारतात ‘राजदूत ३५०’ म्हणून विकले गेलेले तेच एंजिन सु. ३० अश्वशक्तीपर्यंत मवाळ केलेले होते व इंधनखर्च आणखी कमी करण्यासाठी पुढे ते २७ वर आणले गेले.

शर्यतीच्या मैदानावर गणित उलटे असते. पुणे व नासिक येथे झालेल्या मातीवरील शर्यतींत देशी बनावटीच्या दुचाकींसाठी वेगळे गट ठेवलेले असत. त्यांत आरएक्स १००, तिचे पुढील भाईबंद व टीव्हीएस शोगन यांसारख्या हलक्या द्विधाव गाड्या प्रामुख्याने उतरत. मोजक्या मिनिटांच्या या धावेत एंजिन सतत जलद फेऱ्यांतच राहते, इंधनखर्चाची फिकीर नसते आणि दट्ट्या व कड्या शर्यतीमागून शर्यतीला बदलल्या जातात. तरीही केवळ सर्वाधिक शक्ती हे उद्दिष्ट नसते. वळणातून बाहेर पडताना भुसभुशीत मातीत मागील चाकाची पकड सुटू नये यासाठी जोर क्रमाने वाढणारा हवा. एकदम उसळणाऱ्या एंजिनाचा चालक सपाट पट्ट्यात पुढे जातो व वळणात मागे पडतो. त्यामुळे डांबरी रस्त्यावरील शर्यतीपेक्षा मातीवरील शर्यतीसाठी निष्कास द्वार थोडे बुटकेच ठेवतात.

या भागाची उंचसखल रचना आणखी एक अडचण उभी करते. सांगली समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर, तर महाबळेश्वर १,३७२ मी. उंचीवर आहे. दोहोंतील हवेच्या घनतेत सु. ८ टक्क्यांचा फरक पडतो. महाबळेश्वरच्या विरळ हवेत नीट चालावे म्हणून कार्ब्युरेटरची तोटी लहान केलेले एंजिन सांगलीस आणल्यास मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण कमी पडते. मूळ एंजिन एवढा फरक सहन करते, कारण कारखान्याने मिश्रण मुद्दाम थोडे जास्त पेट्रोलाचे ठेवलेले असते. संस्करण केलेल्या एंजिनात अशी सवलत उरत नाही आणि पुरेशा पेट्रोलाअभावी तापलेला दट्ट्या सिलिंडरात जाम होतो. घाट उतरतानाचा धोका याहून वेगळा आहे. द्विधाव एंजिनाला वंगण पेट्रोलाबरोबरच किंवा त्याच्या प्रमाणात मिळते. गाडी दात्यात ठेवून, मूठ पूर्ण मिटून उतरताना एंजिन जलद फिरत राहते, पण तेल जवळजवळ येत नाही. अशा वेळी मधूनमधून मूठ किंचित उघडावी हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे. एंजिन जाम झाल्यास मागचे चाकही अडते. क्लच तत्काळ दाबला गेला नाही, तर गाडी घसरून चालक पडतो.

कार्यपद्धती व दक्षता : काम सुरू करण्यापूर्वी भुजादंडावर अंशमापक तबकडी बसवून सर्व द्वारांच्या उघडण्या-मिटण्याचे कोन लिहून ठेवतात. सिलिंडराच्या आतील बाजूस कागद दाबून धरला की, द्वारांचा ठसा उमटतो व उंची-रुंदी मोजता येते. धातू न कापता परिणाम अजमावण्याचाही एक मार्ग आहे. सिलिंडराखाली जास्त जाडीची पट्टी घातली की, सर्व द्वारे एकदम उंचावतात. वरील उदाहरणात १ मिमी. जाडी वाढविल्यास निष्कासाचा काळ ४.६° नी, तर स्थानांतराचा सु. ६° नी वाढतो, म्हणजे दोहोंमधील अवधी थोडा घटतो. संपीडनही उतरते. तरी हा प्रयोग परत फिरविता येतो, आणि प्रथमच हे काम करणाऱ्याने येथूनच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. प्रत्यक्ष कापणी लवचिक दंडाला जोडलेल्या फिरत्या कानशीने करतात. ती अरुंद मार्गात उडी मारून सिलिंडराच्या भिंतीवर ओरखडा उठवू शकते, म्हणून भिंतीवर पत्रा वाकवून ठेवतात. मोजमाप घेत ठरलेल्या रेषेच्या अलीकडे थांबून शेवटचा भाग हाताने पुरा करतात. नंतर सर्व चुरा गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, सिलिंडर वाळवून लगेच तेल लावतात. बिडावर गंज धरण्यास एक रात्र पुरते.

फेरे वाढल्याचा भार संयोगदांडा व त्याच्या धारव्यांवर येतो. हा जडत्वजन्य भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ७,५०० ऐवजी ९,००० फेऱ्यांना तो ४४ टक्क्यांनी जास्त होतो. जुन्या भुजादंडावर नवा घासलेला सिलिंडर बसविणे त्यामुळे धोक्याचे असते. मातीच्या शर्यतीत हवा गाळणीची देखभालही तितकीच महत्त्वाची असते. द्विधाव एंजिनात धुळीचे कण भुजापेटीतूनच जात असल्याने सिलिंडराआधी धारवे खराब होतात. अॅल्युमिनियमच्या ज्या सिलिंडरांना आतून निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा कठीण मुलामा दिलेला असतो, त्यांत कापणी करताना मुलामा सोलला जाण्याची भीती असते व ते साध्या पद्धतीने पुन्हा कातताही येत नाहीत.

सार्वजनिक रस्त्यावर अशा वाहनास कायद्याची आडकाठी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने निर्दिष्ट केलेल्या व नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही आणि धूर व आवाज यांच्या मर्यादा पाळणेही बंधनकारक आहे. निष्कास काळ वाढला की, न जळलेले पेट्रोल व तेल अधिक बाहेर पडते. मूळ द्विधाव दुचाकीही याच दोषामुळे मागे पडल्या. १९९१ पासून लागू झालेले व १९९६ आणि २००० साली कडक होत गेलेले प्रदूषणाचे निकष त्यांना पेलणे अवघड गेले. आरएक्स १०० चे व म्हैसूरच्या येझ्दी मोटारसायकलीचे उत्पादन १९९६ मध्ये बंद झाले आणि साताऱ्याच्या कारखान्यातील स्कूटरींचे उत्पादनही २००६ मध्ये थांबले.

या एंजिनांचे मूळ सिलिंडर त्यामुळे दुर्मिळ होत गेले आहेत. दट्ट्याचा व्यास पाव-पाव मिलिमीटरने वाढवीत सिलिंडर साधारणतः चारदा कातता येतो. नंतर, किंवा द्वारे अवाजवी कापली गेली असल्यास, जुना भाग कातून काढून तेथे बिडाचे नवे अस्तर घट्ट बसवितात व त्यात मूळ मापाची द्वारे पुन्हा कापतात. अस्तरातील द्वार व बाहेरच्या ओतीव भागातील मार्ग यांच्या कडा तंतोतंत जुळणे हे या दुरुस्तीतील सर्वांत कठीण काम असून अस्तर बसविण्यापूर्वी सिलिंडर तापविताना तो सर्व बाजूंनी सारखा तापला नाही, तर अस्तर तिरपे बसून ही जुळणी साधत नाही.